क्लच न दाबता गिअर टाकायला शिकले, पण दुसऱ्या गिअरने तीन शनिवार खाल्ले

क्लच दाबून दाबून डावं मनगट दुखायला लागलं म्हणून मी हे शिकले. मुलुंड ते फोर्ट रोज बाईकने जाते, दीडशे सीसी, पाच गिअर, एक खाली चार वर. इस्टर्न फ्रीवेवर टू-व्हीलरला बंदी, जेजे फ्लायओव्हरवर पण बंदी, म्हणजे सायन, दादर, लालबाग, भायखळा करत शेवटी फ्लायओव्हरच्या खालून महंमद अली रोडने सिग्नल मोजत जायचं. संध्याकाळी पोळ्या लाटताना मनगट वळायचं नाही.

माझ्या मावसभावाच्या बाईकला क्विकशिफ्टर आहे, पायाने गिअर उचलला की इंजिनची ताकद क्षणभर आपोआप कापली जाते, क्लच लागत नाही. तो म्हणाला, ताई, तेच आपण हाताने करायचं. रविवारी सकाळी सहाला इस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गेलो, मुलुंडहून विक्रोळीपर्यंत आणि परत. लिव्हरखाली पायाचा हलका दाब आधीच देऊन ठेवायचा, मग रेस एक क्षण सोडायची, पूर्ण बंद करायची गरज नाही, गिअर स्वतःहून वर सरकतो, लगेच रेस परत. तिसरा, चौथा, पाचवा पहिल्याच दिवशी जमले आणि इतके मऊ पडले की मला खरंच खूप आनंद झाला, क्लच दाबून पण माझे एवढे मऊ पडत नव्हते.

अडलं ते पहिल्यावरून दुसऱ्यावर. दहातले सहा वेळा गाडी न्यूट्रलमध्येच लटकायची, रेस दिली की इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवर, मागून बेस्टची बस. घाटकोपरला एकदा असं झालं तेव्हा हात थरथरत होते. नंतर तर क्लच दाबून पण दुसरा पडेना तेव्हा घाबरले आणि सर्व्हिस सेंटरला गेले.

पहिला शनिवार, साडेनऊला गाडी दिली, दुपारी दोनला सांगितलं की आज गिअरचं बघणारा माणूस नाही. दुसरा शनिवार, माणूस होता. मी प्रामाणिकपणे सांगितलं की क्लचशिवाय गिअर टाकायची प्रॅक्टिस करतेय, आणि तिथेच माझं चुकलं असं तेव्हा वाटलं कारण पुढचं कोणी ऐकूनच घेतलं नाही. गाडी चालवून बघितली नाही, स्टँडवर पण लावली नाही, आणि "गिअरबॉक्स गेला मॅडम, इंजिन खोलावं लागेल". मी विचारलं एकदा चक्कर मारून बघता का, तर उत्तर "तुम्ही स्कूटर घ्या ना, क्लचची कटकटच नाही". बारा वर्षं गिअरची गाडी चालवतेय मी. तिसऱ्या शनिवारी एस्टिमेट घ्यायला बोलावलं, दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि हातात कागद दिला, तेवीस हजार, वर तपासणीचे पैसे वेगळे. तपासणी कसली केली ते मी तीनदा विचारलं, कोणी सांगितलं नाही. तपासणीचे पैसे भरले, गाडी उचलली, आजही ती पावती बघितली की डोकं फिरतं.

तिथून थेट भांडुपला आमच्या जुन्या गॅरेजवाल्या काकांकडे. काकांनी आधी माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, बूट कधी घेतले? जूनमध्ये, पावसाळ्यासाठी, जाड सोलचे आणि पुढून कडक. गिअरचा लिव्हर आधीपासूनच थोडा खाली बसवलेला, त्यात जाड बूट, त्यामुळे पंजा लिव्हरखाली नीट शिरतच नव्हता आणि झटका अर्धाच जायचा. न्यूट्रल असतो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये, अर्ध्या झटक्याला गाडी तिथेच राहणार. काकांनी दहाच्या पान्याने बोल्ट सैल केला, लिव्हर दांड्यावरून काढला, एक खाच वर सरकवून परत बसवला. पाच मिनिटं. पैसे घेत नव्हते, मी जबरदस्तीने दिले.

इंजिन खोलायची भीती ज्यांना कोणी घातली असेल त्यांच्यासाठी काकांनी सांगितलेलं लिहिते. बाईकच्या गिअरबॉक्समधल्या चाकांचे दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, गिअर बदलताना ते सुटत नाहीत. बाजूला जाड खुंट असतात, त्यांना डॉग म्हणतात, ते सरकून शेजारच्या चाकाच्या खाचेत बसतात. रेस चालू असताना त्यांच्यावर जोर असतो म्हणून ते सुटत नाहीत, रेस सोडली की क्षणभर जोर जातो आणि तेवढ्यात ते निघतात. खराब होतात ते घाबरत घाबरत अर्धवट पाय मारला की, कारण मग कडा एकमेकींवर घासून गोल होतात आणि पुढे गाडी चालता चालता गिअरमधून निसटते. क्लच दाबून अर्धवट मारला तरी तेच. माझी गाडी एकदाही निसटली नव्हती, न्यूट्रलला अडकत होती, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि हे सर्व्हिस सेंटरमध्ये एका प्रश्नात कळलं असतं.

लिव्हर नीट झाल्यावर दुसरा पण पडायला लागला, पण खरं सांगते, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मी आता क्लच दाबतेच. या दोन गिअरच्या वेगात फरक सगळ्यात जास्त असतो, धक्का बसतो, आणि तो धक्का चेनला खावा लागतो. दुसऱ्यावरून तिसरा तीसच्या आसपास टाका, एकदम कमी स्पीडला झटके येतात. चेन सैल असेल तर आधी ती घट्ट करून घ्या, हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. ओल्या रस्त्यावर शिकू नका. ट्रॅफिक खच्चून असेल तिथे याचा काही उपयोग नाही, थांबायला आणि निघायला क्लच लागणारच.

मनगटाला जास्त आराम पडला तो काकांनी क्लचच्या केबलमध्ये तेल सोडलं त्याने. केबल आतून कोरडी पडली होती, दोन वर्षं सर्व्हिसिंगमध्ये कोणी हात लावला नव्हता. क्लचच्या लिव्हरला टोकाशी साधारण 10 ते 20 मिलीमीटर ढिलाई हवी, माझ्याकडे जवळजवळ नव्हतीच.

उतरते गिअर अजून क्लच दाबूनच टाकते. त्यात रेस सोडायच्या ऐवजी क्षणभर द्यावी लागते, इंजिनचा वेग खालच्या गिअरशी जुळवायला, आणि चुकलं तर मागचं चाक अडखळतं. भाऊ म्हणतोय पावसाळा संपला की शिकवतो, रविवारी सहालाच, त्याच रस्त्यावर.