समान गुण : चटक

भाषेचे पेपर तपासणं म्हणजे निबंध वाचत बसणं, असं आमच्या शाळेतल्या गणितवाल्यांना वाटतं. निबंधाला वेळ लागत नाही. पहिला आणि शेवटचा परिच्छेद पाहिला की गुण बोटांत येतात. (हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.) वेळ खातात ते अर्धे गुण.

नववीच्या घटक चाचणीत दोन गुणांचा एक तक्ता होता. एक ओळ दिलेली, समोर चार रकाने : उपमेय (जिची तुलना करायची ती गोष्ट), उपमान (जिच्याशी करायची ती), समान गुण, अलंकार. प्रत्येकी अर्धा. ओळ बहिणाबाईंची : ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’. उत्तरसूची म्हणते मन, ढोर, चंचलपणा, रूपक. चौसष्ट पेपर असले की चाळिसाव्यापर्यंत हात आपोआप बरोबरच्या खुणा करत जातो. एका पेपरावर तो अडला. तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता : ‘चटक’.

मला वाटलं, पोरानं दुसऱ्या कवितेतलं ‘आधी हाताला चटके’ इथं आणून चिकटवलं. लाल गोल केला, अर्धा कापला, पुढे गेले.

पेपर वाटल्यावर मुलं येतात ती बेरीज चुकली म्हणून. हा मुलगा मधल्या सुट्टीत आला आणि बेरजेबद्दल काहीच बोलला नाही. शेवटच्या बाकावरचा, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणण्यापलीकडे मी त्याचा आवाज फारसा ऐकलेला नव्हता.

“मॅडम, ढोर चंचल नसतं. चंचल वासरू असतं.”

मी म्हटलं, अरे, पण वढाय म्हणजे तेच ना, इकडे तिकडे पळणारं?

“नाही मॅडम. इकडे तिकडे नाही पळत. एकाच शेतात जातं.”

मग त्यानं सांगितलं ते असं. गाय एकदा उभ्या दादरीत, म्हणजे ज्वारीत, शिरली आणि तोंड भरून खाल्लं, की तिला बांधावरचं गवत लागत नाही. चरायला सोडली की ती चरल्यासारखं करते आणि लक्ष त्या शेताकडे. हाकला, दगड मारा, कोंडवाड्यात घालून या. सुटली की तिथंच. त्यांच्या घरी अशी एक होती. तिच्या गळ्यात लोढणं बांधलं होतं. लोढणं म्हणजे काय हे मला नीट माहीत नाही, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं पेपराच्या मागच्या कोऱ्या भागावर चित्र काढलं : गळ्यातून लोंबणारा लाकडाचा जड ओंडका, गुडघ्यांच्या उंचीवर. गाय चालली तर चालू देतो, धावली की पुढच्या पायांवर आदळतो. “तरी जायची,” तो म्हणाला. “लंगडत जायची.”

मी डोंबिवलीत वाढले. ‘गळ्यात लोढणं’ हा वाक्प्रचार मी सात वर्षं शिकवतेय, अर्थ ‘नको असलेली जबाबदारी’. ते गुराच्या गुडघ्यावर आपटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन कवितेचं पुस्तक काढलं. बहिणाबाई गेल्या 1951 साली, गाणी पुस्तकरूपानं आली 1952 मध्ये. स्वतः निरक्षर. जळगावजवळच्या असोद्याची ही बाई, तिनं ढोर कसं वागतं ते चुकीचं सांगितलं असेल, हे शक्यच नव्हतं. चूक आमची होती आणि ती ढळढळीत होती. पेपरात आम्ही अर्धंच कडवं छापलं होतं. उरलेलं अर्धं असं आहे : ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर’. म्हणजे समान गुण कवयित्रीनं स्वतःच सांगून ठेवलाय. पुन्हा पुन्हा तिथंच येणं. मुलाला कडवं पाठ होतं, त्यानं न छापलेल्या ओळींवरून उत्तर लिहिलं, आणि मी ते कापलं.

बरं, चंचलपणा त्या कवितेत नाही असंही नाही. पुढे मन पाखरू होतं : ‘आता व्हतं भुईवर, गेलं गेलं आभायात’. तिथं चंचल म्हणा, खुशाल. वाऱ्यानं पाण्यावर चालणाऱ्या लाटा आहेत, तिथंही म्हणा. एकाच मनाला तिनं ढोर, लाट, पाखरू अशी वेगवेगळी उपमानं दिली, कारण तिला प्रत्येक वेळी मनाचं वेगळं काहीतरी दाखवायचं होतं. आम्ही सगळ्यांवर एकच शब्द थापला. गाईडवाले तर थापतातच, त्यांचा तो धंदा आहे. पण उत्तरसूची गाईडवरून काढणारे आम्हीच असतो, हे स्टाफरूममध्ये बोलायचं नसतं.

मी शिकवते अलंकार, आणि चांगले शिकवते, असा माझा समज होता. सारखा, जसा, परी, सम, गत दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. शब्दच नाही आणि दोन वस्तू एकच मानल्या की रूपक. उपमेयाला त्याचीच उपमा, अनन्वय. उपमेय नाकारून ते उपमानच आहे म्हटलं, अपन्हुती. उपमेय उपमानाहून सरस, व्यतिरेक, ‘अमृताहूनि गोड’. या पद्धतीत मुलांचे गुण जात नाहीत. मागच्या वर्षी गंमत म्हणून मी फळ्यावर लिहिलं : ‘चिंगूळ जणू भोंबट’. सगळा वर्ग ओरडला, “उत्प्रेक्षा!” मी खूश झाले होते. अर्थ नसलेल्या ओळीतला अलंकार पोरं ओळखतात, याचा मला अभिमान वाटला होता! आता आठवलं की कसंसंच होतं.

जुन्या काव्यशास्त्रात उपमेची चार अंगं सांगितली आहेत : उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द आणि साधारण धर्म, म्हणजे आमच्या तक्त्यातला समान गुण. चारही असली तर पूर्णोपमा, एखादं गळलं तर लुप्तोपमा. बी.ए.ला हे पाठ केलं होतं. साधारण धर्म गळलेला असेल तर तो भरायचा कोणी, हे मात्र कधी विचारलं नाही. वाचणाऱ्यानंच भरायचा, दुसरं कोण? आणि ढोराचा धर्म ज्यानं ढोर वळलंय तोच भरणार.

दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, म्हणाले, “उत्तर सुंदर आहे. पण उत्तरसूचीत नाही ना?” मग म्हणाले, अर्धा याला दिलात तर चंचलपणा लिहिणाऱ्यांचा कापणार का? वाईट माणूस नाही. कितीतरी वर्षं बोर्डाचे गठ्ठे तपासलेत, तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या नियामकाच्या शेऱ्यांची त्यांना धास्ती आहे. आणि प्रश्न त्यांचा बरोबरच होता. मी कोणाचाच कापला नाही. ‘चटक’ला अर्धा दिला, एकूण गुण खोडून पुन्हा लिहिले, बाजूला सही केली.

मुलानं पेपर घेतला, घडी घातली आणि विचारलं, “मग दहावीला बोर्डात काय लिहू?”

मी म्हटलं, “चंचलपणा लिही.”

तो “बरं” म्हणाला आणि गेला. वाद घातला नाही, याचंच मला जास्त लागलं. गेले तीन आठवडे ते उत्तर डोक्यातून जात नाही. दुसरं काय सांगायला हवं होतं, तेही सुचलेलं नाही.

सहामाहीचा पेपर यंदा माझ्याकडे आहे. या वेळी कडवं पूर्ण छापलंय, चारही ओळी. प्रश्नपत्रिका झाली, उत्तरसूची शनिवारी द्यायची आहे. तिसरा रकाना अजून कोरा आहे.