हो, मी त्यांना इस्तंबूलला ठेवून बुर्साला गेले

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तशा विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, भिशीत, एकदा तर दवाखान्यात नंबर लावून बसले होते तिथंसुद्धा कुणीतरी विचारलंच, "काय ओ वहिनी, परदेशात नवऱ्याला हॉटेलवर सोडून तुम्ही एकट्याच टॉवेल आणायला गेला होता?" ही बातमी गावभर केलीय आमच्या ह्यांनीच. ते ती रंगवून सांगतात. त्यांच्या गोष्टीत मी बोट चुकवते (चुकवली नव्हती, बोटच रद्द झाली होती), मध्यरात्र उलटल्यावर उगवते आणि माझ्या पिशवीत एक टॉवेल असतो. सोलापूरच्या बाईनं तुर्कस्तानातून टॉवेल आणला म्हटल्यावर सोलापुरात कोण हसणार नाही? मीही हसते. टॉवेल आणला हे खरंच आहे.

आजवर माझं उत्तर ठरलेलं होतं: "ह्यांचे गुडघे." गुडघे दुखतात, त्यात खोटं काही नाही. पण आदल्याच दिवशी तेच गुडघे घेऊन ते गलाटा मनोऱ्याचा चढ माझ्यापुढं चढत होते, हे मी कुणाला सांगत नव्हते.

लेक लंडनला असतो, तिकडून परतताना सुनेनं मध्ये इस्तंबूल घातलं. पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा असला की आपल्याला तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, म्हणून जमलं. २०२४ सालचा दिवाळीआधीचा सुमार होता. (२०२५ च्या मे महिन्यात तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतल्यापासून "तुर्कस्तानला गेलातच कशाला?" असाही प्रश्न येतो. आम्ही त्याआधी गेलो होतो. तो विषय वेगळा, आज नको.) निळी मशीद पाहिली. जमिनीखालचं बॅसिलिका टाकं पाहिलं. तिथं ३३६ खांब आहेत म्हणे, ह्यांनी मोजायला घेतले होते. एका खांबाखाली मेडुसाचं डोकं उलटं बसवलंय, ते बघायला लोक रांग लावतात. बॉस्फोरसच्या बोटीत बसून आशियात उतरलो, चहा प्यायलो आणि पुन्हा युरोपात आलो. आयासोफिया मात्र बाहेरूनच पाहिली. ५३७ सालची इमारत, आता पुन्हा मशीद आहे आणि २०२४ च्या जानेवारीपासून परदेशी पाहुण्यांना वरच्या गॅलरीत जायला माणशी २५ युरो पडत होते. ह्यांनी दारातच हिशेब केला. "दोघांचे साडेचार हजार. तेवढ्यात अक्कलकोटला वीस वेळा जाऊन येऊ." झालं, निघालो.

एक दिवस मोकळा ठेवला होता, गावाबाहेर कुठंतरी जायला. ह्यांना ब्यूकअदाला जायचं होतं. ते समुद्रातलं बेट, तिथं लोकांच्या गाड्या चालत नाहीत, पूर्वी टांगे होते, २०२० पासून तेही बंद होऊन विजेवरची वाहनं आली. मला जायचं होतं बुर्साला.

बुर्सा कशाला, हे सोलापूरकरांना सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं. टॉवेल ही एका मुलखातून दुसऱ्या मुलखात पोचलेली वस्तू आहे. बुर्साच्या विणकरांची फुगीर लूप असलेली वीण हेन्री ख्रिस्ती नावाच्या इंग्रजानं तुर्कांच्या राज्यात फिरताना पाहिली, नमुना इंग्लंडला नेला, तिथं ती वीण यंत्रावर बसवली गेली आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ते टॉवेल मांडले. लेकानं मला हे वाचून दाखवलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हात थांबले. कारण ती लूप कशी उभी राहते हे मला माहीत आहे. मागावर उभ्या धाग्यांचे, म्हणजे ताण्याचे, दोन बीम असतात, एकाचा ताणा ताठ आणि दुसऱ्याचा सैल. फणी दोन आडवे धागे जरा लांबच ठेवते आणि तिसऱ्याच्या ठोक्याला तिन्ही एकदम पुढं रेटते. ताठ ताणा जागचा हलत नाही, सैल ताण्याला जागा उरत नाही, मग तो वर उठतो. माहेरी चार माग होते, लहानपणी त्या खडखडाटातच अभ्यास केला.

पण माझं खरं नातं पुढच्या कामाशी. ह्यांची गिरणी बंद पडली तेव्हा धाकटा दुसरीत होता. त्या काळात सोलापुरात एकेका गिरणीचा भोंगा थांबत होता, आमच्या एकट्याच्या घरावर आलेलं ते संकट नव्हतं. मी अक्कलकोट रोडच्या एका कारखान्याचे टॉवेल शिवायला आणू लागले. लांबच लांब सलग कापड यायचं, ते कापायचं, दोन्ही टोकं दुमडायची आणि मशीन मारायची. डझनावर पैसे. नाकातोंडात तूस, वरणावर तूस, मुलांच्या वह्यांत तूस. फी त्यातून गेली, किराणा त्यातून आला. पुढं ह्यांना पतसंस्थेत नोकरी लागली आणि काही वर्षांनी मी मशीन झाकून ठेवलं. त्यानंतर पाहुण्यांत कधी विषय निघाला की हे म्हणतात, "आमच्या मिसेस तेव्हा हौस म्हणून शिवायच्या."

हौस!

तर मी म्हटलं, तुम्ही ब्यूकअदाला जा, मी बुर्साला जाते. त्यांना गंमत वाटली. सकाळी एमिनोन्यूच्या धक्क्यावरून बोट सुटली. जाताना म्हटलं, संध्याकाळच्या बोटीनं येते, साडेआठपर्यंत पोचेन, तुम्ही न्यायला येऊ नका. हे मी दोनदा बजावलं होतं. लक्षात ठेवा.

बोट दोन तासांत मुदान्याला लागते, तिथून बस आणि मेट्रो. बुर्सा ही उस्मानी तुर्कांची पहिली मोठी राजधानी, मागं उलुदाग डोंगर. वीस घुमटांची उलू जामी पाहिली, मशिदीच्या आतच कारंजं आहे, पाण्याचा आवाज आत घुमतो. आणि शेजारी कोझा हान. १४९१ साली बांधलेली रेशमाच्या कोषांची बाजारपेठ. दगडी चौक, चहूबाजूंनी दोन मजली दुकानं, मधोमध खांबांवर उचललेली इवलीशी मशीद, झाडाखाली चहाची टेबलं. मी एका टेबलाशी बसले. चहा मागवला. तो संपला, दुसरा मागवला. कुणी मला काही मागितलं नाही, कुठं ठेवलंय विचारलं नाही, गोळी घ्यायची आठवण मला कुणाला करून द्यायची नव्हती. किती वेळ बसले सांगता येणार नाही.

मग टॉवेलच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्या वयाचा असावा. मी टॉवेल उलटा केला आणि आधी टोकाची शिवण पाहिली. सवयच ती. टाके सारखे होते, कोपरा चांगला वळवला होता. तो हसला, त्याच्या लक्षात आलं असावं. मी फोनवर बोलले आणि फोननं त्याला तुर्कीत सांगितलं, की मी असे टॉवेल बरीच वर्षं शिवलेत, त्यावर घर चालवलंय. त्यानं छातीवर हात ठेवला, चहा मागवला आणि मग प्रामाणिकपणे सांगून टाकलं की हा माल बुर्साचा नाहीच, डेनिझ्लीचा आहे. हल्ली तिकडचे टॉवेल जास्त येतात. एवढा समुद्र ओलांडून मी दुसऱ्याच गावचा माल चाचपत होते! मी मोठ्यानं हसले आणि तोच टॉवेल घेतला. आमच्या ह्यांच्या गोष्टीत हा भाग नसतो, कारण तो मी त्यांना सांगितलेलाच नाही.

दुपारनंतर वारा सुटला. मार्मारा समुद्रावर दक्षिणेकडून असा वारा येतो, त्याला तिथं लोदोस म्हणतात, आणि तो जोरात असला की बोटी बंद ठेवतात. मुदान्याला पोचले तर खिडकी बंद, लोक परत फिरतायत, एक माणूस दोन्ही हात हलवून मला वारा करून दाखवतोय. माझ्या फोनला तिथलं सिम नव्हतं. एक कॉलेजातली पोरगी माझ्यासारखीच अडकली होती, तिनं मला बसनं बुर्साच्या स्थानकावर नेलं, इस्तंबूलचं तिकीट काढून दिलं, तिच्या फोनवरून नेट दिलं. ह्यांना लिहिलं: बोट रद्द, बसने येतेय, काळजी करू नका. एकच टिक. बस सुटली तरी एकच टिक. इझमितच्या आखातावरचा उस्मानगाझी पूल, २०१६ साली झालेला, बघायचा म्हणून आधी नकाशावर खूण करून ठेवली होती. बस त्यावरून गेली तेव्हा मी फोनकडं बघत होते.

एसेनलरच्या स्थानकावरून मेट्रो, मग ट्राम. हॉटेलवर पोचायला अकरा वाजले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मिस्टर सहालाच बाहेर गेले. खोली बंद. बाहेर त्यांना नेट मिळत नाही, त्यामुळं टिक का एकच होती ते कळलं. मी ट्रामच्या रुळांच्या कडेकडेनं उताराला लागले, गुलहाने, सिर्केजी, चालणं नव्हतंच ते. डोक्यात एकच, साखरेची गोळी जेवणाआधीची आहे आणि हे जेवले नसणार.

धक्क्यावरच्या बंद तिकीटखिडकीखाली बसले होते. माकडटोपी घातलेली, मांडीवर कागदी पिशवी. पिशवीत दोन सिमित, म्हणजे तिळाची ती गोल रोटी. एकातला तुकडा मोडलेला, दुसरी अख्खी. पहारेकऱ्याला ते दर थोड्या वेळानं जाऊन "मुदान्या?" विचारत होते आणि तो मान मागं टाकून च्च करत होता. तिथं त्याचा अर्थ नाही असा होतो. ह्यांना वाटलं, थांबा म्हणतोय. म्हणून थांबले. वाऱ्यात, समुद्राच्या तोंडावर, पाच तास.

मी ओरडेन असं मला वाटलं होतं. तेही ओरडले नाहीत. अख्खी सिमित माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मी बरोबर असतो तर काय बिघडलं असतं गं?"

मी म्हटलं, "काही नाही."

हे उत्तर मला आजही छळतं, कारण बिघडलं असतं. कोझा हानमध्ये त्यांनी दुसऱ्या चहाआधी पहिल्याची किंमत विचारली असती. त्या दुकानात फोनवर मी बोलायच्या आत ते बोलले असते, आणि तुर्कीत भाषांतर होऊन त्या माणसाला ऐकू आलं असतं की आमच्या मिसेस हौस म्हणून शिवायच्या. त्यानं छातीवर हात ठेवला नसता. मला ते एका तरी माणसाला खरं सांगायचं होतं, आणि ते ह्यांच्यासमोर सांगता येत नव्हतं. गिरणी बंद पडली ती त्यांच्यामुळं नाही, हे मला कळतं. त्या दिवसांबद्दल ते हौस म्हणतात ते मला कमी लेखायला म्हणतात, असंही आता वाटत नाही. पूर्वी वाटायचं. त्या रात्री हॉटेलात पडल्या पडल्या माझी खात्रीच होती की हा माणूस मला एक दिवसही माझा म्हणून देऊ शकत नाही, न्यायला येऊ नका सांगूनही धक्क्यावर येऊन बसतो आणि वर दोषी मला ठरवतो. आता कधी वाटतं, त्या दिवसांचं नाव काढलं की त्यांना जे होतं ते मला दिसत नाही. कधी वाटतं, मी उगीच त्यांची बाजू घेतेय. दोन्ही एकाच दिवशीसुद्धा वाटतं.

तुम्ही म्हणाल, एकटं बसायचंच होतं तर सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसायचं. बसून बघा की. पाच मिनिटांत ओळखीचं कुणीतरी येतं आणि विचारतं, "एकट्याच? बरं आहे ना घरी?"

आणि आता एक गोष्ट, जी मला गेल्या गड्ड्याच्या जत्रेत कळली. पुतण्या भुईकोट किल्ल्यात फिरून आला होता आणि भिंतींवर पोरांनी नावं कोरलीत म्हणून चिडला होता. हे म्हणाले, "अरे, ही खोड जुनी आहे. आयासोफियाच्या वरच्या गॅलरीत संगमरवरी कठड्यावर एका वायकिंग शिपायानं हजारएक वर्षांपूर्वी नाव कोरलंय. हाल्फदान. काच लावून ठेवलीय."

मी पोहे परतत होते. वरच्या गॅलरीत आम्ही गेलोच नव्हतो. २५ युरो. मग ब्यूकअदाचं काय झालं, तिकडची एकही आठवण ह्यांनी आजवर सांगितलेली नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. मी काही बोलले नाही, लिंबू पिळलं.

तर मला विचारता तसं एकदा त्यांनाही विचारा की त्या दिवशी तुम्ही कुठं होतात. आजवर कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. वातावरण निवळलं तर पुढच्या वेळी ब्यूकअदा बघायचंच असं ते म्हणतात, आणि मी म्हणते डेनिझ्ली. दोघांनी मिळून की एकेकट्यानं, यावर बोलणं झालेलं नाही.