जॉब कार्डवरचे तीन शब्द

गेल्या मे महिन्यात पारोळ्याहून जळगावला जाताना एरंडोलच्या अलीकडे माझी २०१४ सालची पेट्रोल गाडी चालता चालता बंद पडली. स्टार्टर इंजिन फिरवत होता, पण इंजिन सुरू होत नव्हते. चाळीस मिनिटे निंबाच्या सावलीत थांबल्यावर ती पहिल्याच किल्लीला सुरू झाली. पुढे महिनाभरात हाच प्रकार पाच वेळा घडला, आणि प्रत्येक वेळी इंजिन चांगले तापलेले असतानाच.

जळगावच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी गाडी नेली, तेथे ग्राहकाने मिस्त्रीशी बोलण्याची पद्धत नाही. काउंटरवरील तरुणाला मी सगळी हकिगत सांगितली. त्याने ती ऐकून घेतली आणि जॉब कार्डवर लिहिले, ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम, तपासणे’. गाडी रात्रभर शेडमध्ये राहिली, सकाळी थंड इंजिन अर्थातच सुरू झाले, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन ती परत आली. दुसऱ्या खेपेस स्कॅनरवर पी०३३५ हा कोड दिसला, म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) कोणत्या स्थितीत आहे हे कळवणाऱ्या क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमधील बिघाड. तो पुसून गाडी माझ्या हवाली करण्यात आली. (कोड पुसला की त्या क्षणीचे इंजिनाचे तापमान आणि वेग यांची साठवलेली नोंदही जाते, म्हणून आधी स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढून घ्यावा.) तिसऱ्या खेपेस गाडी वर्कशॉपच्या दारातच बंद पडली, तेव्हा मला जवळजवळ आनंद झाला. पण तपासणीत पेट्रोलचा दाब नाही असे दिसल्याने त्यांनी पंप बदलला, तोवर इंजिन निवले, गाडी सुरू झाली आणि श्रेय पंपाला मिळाले. साडेसहा हजार रुपये गेले. वास्तविक क्रँकच्या सेन्सरचा संदेश मिळाला नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पंपही चालू ठेवत नाही आणि ठिणगीही देत नाही. चौथ्या खेपेस ‘इंजिन तापल्यावरच बंद पडते’ एवढे तरी कार्डावर लिहा, अशी मी विनंती केली, तेव्हा ‘सर, त्या रकान्यात एवढे बसत नाही’ असे उत्तर आले.

मी गाडी तशीच पारोळ्याला एका लहान गॅरेजमध्ये नेली. बॉनेट उघडण्यापूर्वीच मिस्त्रींनी विचारले, “भाऊ, गाडी कव्हय बंद पडस?” चार खेपांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता.

त्यांनी थंड इंजिनावर सेन्सरचा विद्युत रोध मोजला, तो सुमारे ८५० ओहम भरला. मग अमळनेर रस्त्यावर गाडी बंद पडेपर्यंत फिरवली आणि लगेच पुन्हा मीटर लावला. आता सर्किट पूर्ण उघडे दाखवत होते. आतील बारीक तारेची गुंडाळी तापल्यावर तुटत होती आणि निवल्यावर पुन्हा जुळत होती. खात्रीसाठी त्यांनी सेन्सरवर ओले फडके ठेवले, आणि पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. ही मोजणी दोन तारांच्या, गुंडाळीच्या सेन्सरलाच लागू पडते. तीन तारांच्या हॉल सेन्सरचा सिग्नल वेगळ्या रीतीने पाहावा लागतो.

नवा सेन्सर एका बोल्टवर वीस मिनिटांत बसला. त्याच्या टोकाला चुंबक असल्याने लोखंडाचा कीस लगेच चिकटतो, तेव्हा तो पुसूनच बसवावा आणि ओ-रिंगला (त्यावरच्या रबरी कड्याला) तेलाचे बोट लावावे. सेन्सर विकत घेण्याआधी कनेक्टर आणि वायर मात्र अवश्य पाहावी, कारण घासलेल्या वायरीमुळेही हाच कोड येतो.

एक सांगायचे राहिले. स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा बहुतेक गाड्यांत थोडा तरी हलतो; तो शून्यावर निपचित पडून राहिला तर संशय याच सेन्सरवर घ्यावा. माझा काटा हलत नव्हता, आणि हे मी काउंटरवर पहिल्याच दिवशी सांगितले होते.