चार पावलांचे अंतर

शिंगरू पाहताना माझे लक्ष नेहमी आधी त्याच्या पायांकडे जाते, कारण अंग एवढेसे आणि पाय मात्र जवळजवळ आईइतके लांब, असा तो विजोड प्रकार असतो. अकरा महिने पोटात राहून, बहुधा रात्रीच्या निवांत वेळी जन्मलेले हे पिल्लू दोनचारदा कोलमडून तासाभरात उभे राहते आणि आणखी तासाभरात कासेला लागते. मधल्या वेळात ते आईच्या पुढच्या पायांत, पोटाखाली, कधी चक्क भिंतीवरही दूध शोधत असते. या धडपडीला वेळेची मर्यादा आहे. रोगांशी लढणारी द्रव्ये घोडीच्या गर्भाला वारेतून जवळजवळ मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात, आणि शिंगराचे आतडे ती जेमतेम पहिला दिवसभरच शोषून घेऊ शकते.

जन्मलेले शिंगरू आपल्या आईला लगेच ओळखत असणार, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ओळखते ती घोडी. ओले अंग चाटताना आणि हुंगताना तिच्या मनात त्या वासाची खूण पक्की होते, आणि मग दुसरे पोर कासेशी आले तर ती त्याला हुसकावून लावते. शिंगराला मात्र आईची नीट ओळख पटायला काही दिवस लागतात. तोवर समोरून जे मोठे काही हलेल, त्याच्यामागे जायची त्याची तयारी असते, मग ती दुसरी घोडी असो वा माणूस. व्यायलेली घोडी कान मागे पाडून कळपातल्या जुन्या सोबतिणींनाही जवळ फिरकू देत नाही, ते याच दिवसांत. कुंपणाबाहेरून पाहणाऱ्या मला ती नुसतीच खाष्ट वाटली होती. पोराने चुकीच्या पाठीमागे जाऊ नये, म्हणून तिने आपल्या दोघांभोवती आखलेले ते रिंगण होते, हे उशिरा ध्यानात आले.

मागे जाणे हा शिंगराचा स्वभावच आहे. हरिणी आपल्या पाडसाला गवतात दडवून चरायला जाते आणि पाडस निपचित पडून राहते. उघड्या माळावर धावून जीव वाचवणाऱ्या घोड्यांच्या कुळात मात्र लपण्याची सोय नव्हती, म्हणून पोराने आईच्या कुशीलगत पळायला शिकायचे, हीच रीत पडली. पहिल्या आठवड्यात दोघांमधले अंतर क्वचितच चार पावलांपलीकडे जाते. ते वाढलेच, तर घोडी तोंड न उघडता घशातल्या घशात एक खोल, थरथरता आवाज काढते. खिंकाळणे हा शब्द त्याला फार मोठा पडतो. शिंगरू झोपले की ती चरणे सोडून बराच वेळ त्याच्याजवळ उभी राहते. या काळात ते तासातून कितीतरी वेळा, पण घोट-दोन घोटच पिते; त्यातले काही पिणे भुकेपेक्षा धीर येण्यासाठी असावे, असे मला वाटते. ते आईची लीदही खाते. किळस आपल्याला येते, पण पचनाला लागणारे सूक्ष्मजीव त्याला अशानेही मिळतात.

पुढे ओळखी वाढतात. मोठ्या घोड्यासमोर शिंगरू मान लांबवते, ओठांचे कोपरे मागे ओढते आणि जबडा भराभर उघडत-मिटत राहते. ही शरणागतीची खूण मानली जाते, पण मला त्यात दूध पिण्याचा आविर्भावच अधिक दिसतो. समवयस्कांशी रीत वेगळी असते. नर शिंगरे मागच्या पायांवर उभी राहून लुटुपुटीच्या लढाया करतात, तर माद्यांना एकमेकींचे अंग खाजवणे अधिक आवडते. आयाळ संपते तिथला भाग दातांनी खाजवला की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. ती जागा स्वतःच्या दातांना पोचत नाही, त्यामुळे सोबती लागतोच.

नुसत्या माणसाच्या हातावर वाढलेल्या पोरक्या शिंगराला हे सगळे शिकवायला कोणी नसते. ते माणसालाच घोडा समजते, लाडाने चावते, अंगावर पाय टाकते; पिल्लू असताना त्याचे कौतुक होते, पण त्याचे वजन काही मण झाले की तीच सवय जीवघेणी ठरते. दुधाची बाटली माणूस देऊ शकतो. कान मागे पडले की मागे सरायचे असते, हे मात्र घोड्यानेच शिकवावे लागते.

पाळलेल्या शिंगराला माणूस बहुधा चार ते सहा महिन्यांत आईपासून तोडतो, आणि मग दोन्हीकडून हाका चालू राहतात. घोडीवर सोडले, तर ती पुढचे बाळंतपण जवळ येईपर्यंत पाजत राहते. पण तोडणाऱ्याच्या आधीच शिंगराने स्वतः अंतर वाढवायला घेतलेले असते. काही महिन्यांचे एक शिंगरू मी पाहिले, ते दुसऱ्या शिंगराशी शेपटीकडे तोंड करून उभे होते आणि दोघे एकमेकांच्या तोंडावरच्या माश्या वारत होते. आई पार दुसऱ्या टोकाला चरत होती. तिने मान वर केली, तसा शिंगराचा एक कान तिकडे वळला. पाय मात्र जागचे हलले नाहीत.