हमामाची आग, मटणाचा माठ

मोरोक्कोतल्या माराकेशला जाऊन आलेल्या माणसाला खाण्याबद्दल विचारलं की पहिलं नाव निघतं जेमा एल-फनाच्या चौकाचं. त्यात चूक काही नाही. संध्याकाळी गाडे ओढत माणसं येतात, लोखंडी सांगाडे उभे राहतात, बल्ब लटकतात, आणि दुपारभर उन्हात तापलेल्या मैदानावर दिवेलागणीपर्यंत नंबर लावलेल्या खानावळींचं अख्खं गाव वसतं. गोष्टी सांगणारे, गारुडी, ग्नावा वादक यांच्यासकट या चौकाला युनेस्कोने २००१ मध्ये मौखिक वारसा म्हणून गौरवलं. धूर, आरडाओरडा, हाताला धरून बाकावर बसवू पाहणारी पोरं, सगळं फोटोला झकास. पण जेवायला? माझ्या मते चौक बघावा, थोडं चाखावं आणि जेवायला मागच्या गल्ल्यांत शिरावं. त्या गल्ल्या आपल्या आपण सापडत नाहीत. मेदिनात, म्हणजे जुन्या तटबंदीच्या शहरात, मोबाइलवरचा नकाशासुद्धा गोंधळतो. म्हणून गाईड.

आम्ही राहतो कासाब्लांकात. नवऱ्याची नोकरी फॉस्फेटच्या धंद्यातली; आपल्याकडे शेतात पडणाऱ्या खतातला फॉस्फरस बराचसा याच देशातून येतो, त्यामुळे इथे भारतीय माणूस अगदीच नवलाचा नाही. या वेळी पुण्याहून नणंद आणि नणदोई आले होते. भाऊजी सगळं खातात. ताई शाकाहारी, अंडं फक्त घराबाहेर चालतं. अशा जोडीला घेऊन मोरोक्कोत खाण्याची फेरी करायची म्हणजे जरा जोखमीचंच काम. गाईड मुलगा माराकेशचाच, गळ्यात सरकारी बिल्ला. (बिल्ला बघूनच गाईड घ्या.) माणशी साडेचारशे दिरहम पडले, म्हणजे साधारण चार हजार रुपये. दुपारी जेवू नका, एवढीच त्याची सूचना होती, आणि ती पाळलीत तर बरं.

सुरुवात ऑलिव्हच्या बाजारातून. काळे, हिरवे, जांभळट, ठेचलेले, मिरचीत मुरवलेले ऑलिव्ह छातीइतक्या उंच राशींनी रचलेले, आणि बाजूला काचेच्या बरण्यांत मिठात मुरलेली लिंबं. ताईंनी एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "वहिनी, यात साखर असती ना, तर मी बरणीच उचलली असती." साखर नसते. नुसतं मीठ आणि लिंबाचाच रस. साल मऊ पडते आणि स्वयंपाकात वापरतात ती मुख्यतः सालच. पुढे तंजियात, म्हणजे माठात शिजवलेल्या मटणात, हीच लिंबं भेटणार होती.

त्याला लागूनच मेशवीची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या अख्ख्या कोकराची गल्ली. दुकानाच्या फरशीत एक गोल भोक, खाली काही मीटर खोल मातीची भट्टी. तळाशी जाळ करून आत अख्खी कोकरं सोडतात, तोंड बंद करतात आणि कित्येक तास तसंच ठेवतात. संध्याकाळपर्यंत माल बहुतेक संपलेला असतो. आम्हाला खांद्याचा तुकडा मिळाला तो नशिबानेच. माणसाने सुऱ्याने खटाखट तुकडे केले, तराजूत टाकले, जाड कागदावर ओतले. सोबत मीठ आणि जिऱ्याची पूड, बस्स. मोरोक्कोत जिऱ्याची पूड मिठाच्या शेजारी टेबलावरच असते, आणि भाजलेल्या मटणावर ती नुसती भुरभुरली की दुसऱ्या कुठल्याही मसाल्याची आठवण येत नाही. भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. ताई दारात उभ्या राहून ऑलिव्ह खात होत्या.

भाव मात्र चढलेले. सलग काही वर्षांच्या दुष्काळाने मेंढरांचे कळप इतके आटले की २०२५ च्या बकरी ईदला कुर्बानी करू नका, असं आवाहन खुद्द राजे मोहम्मद सहावे यांनी केलं. तेव्हापासून मेंढीच्या मटणाचा भाव हा इथे घराघरातला विषय आहे.

ताईंसाठी पुढचा थांबा माकूदाचा. उकडलेल्या बटाट्यात लसूण, कोथिंबीर, जिरं घालून तळलेले चपटे गोळे. गोल ब्रेड फाडून त्यात कोंबायचे, वरून हरिसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी. आत अंडं असतं हे मी आधीच सांगितलं. "आपण घराबाहेरच आहोत," म्हणत त्यांनी दोन संपवले. शेजारी एक बाई तव्यावर म्समन लाटत होती, खरं तर लाटत नव्हती, तेलाच्या हाताने थापून, कागदाइतकं पातळ पसरवून, चौकोनी घड्या घालत होती. साधं म्समन मधाबरोबर डोळे झाकून घ्या. कांदा-मिरची भरलेलं लालसर म्समन दिसायला जास्त मोहक, पण त्या सारणात बहुधा चरबी असते. शाकाहाऱ्यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये. हरिराचंही तेच. मसूर, हरभरे, टोमॅटोचं ते दाट सूप बघून कुणाला शंका येणार नाही, पण त्यात मटणाचे तुकडे असू शकतात.

मग खाणं थांबवून गाईडने आम्हाला आग दाखवायला नेलं. या फेरीचे पैसे खरे इथे वसूल झाले.

आधी फर्रान, मोहल्ल्याची भट्टी. अजूनही बऱ्याच घरांत पीठ मळून, गोल चकत्या करून, लाकडी फळीवर ठेवून वर फडकं टाकून पोराबरोबर भट्टीवर पाठवतात. भट्टीवाला लांब दांड्याच्या फावड्याने ते आत सारतो. कुणाचा ब्रेड कुठला, हे तो कसं ओळखतो? गाईडने विचारलं तर तो हसला आणि दोन ब्रेड उलटे करून दाखवले. एकावर बोटांचे तीन खड्डे होते, दुसऱ्यावर काहीच नव्हतं, तरी घर त्याला ठाऊक होतं. ब्रेडमागे एक-दोन दिरहम घेतो.

तिथून दोन वळणं घेऊन एक बुटकं दार. दाराआड काळाकुट्ट उतार, जमिनीवर लाकडाच्या भुशाचे ढीग, आणि खाली एक माणूस घमेल्याने भुसा भट्टीच्या तोंडात लोटतोय. हा हमामाचा, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहाचा पाठचा भाग, फरनात्शी. भिंतीपलीकडे मोहल्ल्यातल्या बायका गरम पाण्याने अंग घासत असतात आणि अलीकडे त्याच आगीच्या राखेत मातीचे उभट माठ मानेपर्यंत गाडलेले असतात. प्रत्येकाच्या तोंडावर जाड कागद, सुतळीने बांधलेला. आत तंजिया. सकाळी लोक खाटकाकडे जातात. मटण त्याचंच आणि मसालाही तोच भरतो: मिठातलं लिंबू, लसूण, जिरं, केशर, एक चमचा स्मेन म्हणजे मुरवलेलं तूप, थोडं पाणी. माठ फरनात्शीला द्यायचा आणि कामाला जायचं. संध्याकाळी येऊन न्यायचा.

रायगडकडच्या वाचकांना एव्हाना पोपटी आठवली असेल. फरक एवढाच, की पोपटीचं मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात आणि तासाभरात मोकळे होतात. तंजिया सरळ उभी असते, जाळाला शिवतही नाही, राखेच्या उबेवर सहा-आठ तास नुसती बसून राहते. ही पुरुषांची रांधप. बाजारातले कारागीर सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, माठ घेऊन बागेत जेवायला जायचे, त्यांची ही सोय. घरच्या चुलीचा, घरच्या बाईचा काही संबंध नाही. भाऊजींनी यावर ताईंकडे पाहिलं. ताईंनी पाहिलं नाही.

आगवाल्याने लोखंडी आकड्याने एक माठ बाहेर ओढला, बुडाची राख फडक्याने झाडली आणि कानाशी धरून हलवला. आतून खळखळ आली तर रस्सा अजून पातळ आहे. खळखळ नाही आली. चार गल्ल्या पलीकडच्या एका खोलीत तो माठ ताटात उपडा झाला. चमचा, सुरी काही नाही. ब्रेडचा तुकडा लावला की मांस हाडावरून उतरत होतं. लिंबाची साल मटणात विरघळून गेली होती, फक्त तिचा कडसर वास मागे होता. ताईंसाठी झालूक, भाजलेल्या वांग्याची लसूण घातलेली कोशिंबीर, आणि लोबिया, टोमॅटोच्या रश्शातला पांढरा राजमा. आमच्यापेक्षा जास्त ब्रेड त्यांनीच खाल्ला.

पुण्यामुंबईच्या लोकांना हे जुन्या काळाचं प्रदर्शन वाटेल, पण ही यंत्रणा अगदी चालू आहे आणि नाजूकही आहे. २०२४ मध्ये पाणीटंचाईमुळे कासाब्लांकासह काही शहरांत हमाम आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवायचा हुकूम निघाला. तेव्हा आमच्या शेजारीण बाई आंघोळीबद्दल कुरकुरत होत्या. हमाम बंद म्हणजे भट्टी गार, आणि भट्टी गार म्हणजे राखेतला माठही नाही, हे माराकेशची भट्टी बघितल्यावर माझ्या ध्यानात आलं.

शेवटी चौकात आलोच. बबूश, म्हणजे गोगलगाईंचं सूप, भाऊजींनी घेतलं. टाचणीने ओढून काढायच्या, मग वाडग्यातला काढा प्यायचा. ओवाफुलं, बडीशेप, ज्येष्ठमध असा बराच ऐवज त्यात असतो आणि सर्दीवर उतारा म्हणून लोक तो नेमाने पितात. मी काढा प्यायले, गोगलगाय नाही. ताई तांब्याच्या मोठ्या बंबापाशी खुदेंजाल पीत होत्या, कुलिंजन आणि दालचिनीचा जहाल तिखट चहा, सोबत सेल्लू, म्हणजे भाजलेलं पीठ, बदाम आणि तिळाचं गोड. कोणी काही खाल्लं नाही तरी या गाड्यावर जाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच खाटकाकडून माठ भरून घेतला, त्याच आगवाल्याकडे दिला, संध्याकाळी टॉवेलात गुंडाळून कासाब्लांकाच्या गाडीत बसलो. जवळजवळ पावणेतीन तासांचा प्रवास. वाटेतल्या सेत्तात स्टेशनपर्यंत रेल्वेच्या डब्यात वास पसरलेला होता. समोरच्या आजींनी अखेर विचारलंच, बगरी की घनमी? गाईचं की मेंढीचं? घनमी म्हटल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या आणि किलोला काय पडलं ते विचारलं. भाव ऐकून त्यांनी खाटकाला एक सणसणीत शिवी दिली, आणि मग माठात लिंबू किती घातलंय याची चौकशी सुरू केली.