अकरावीचा फॉर्म कुणी भरला?

२०२५ ला अकरावीचे प्रवेश पहिल्यांदा अख्ख्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. मुंबईत हे २००९ पासून चालूच होतं, मग पुणे, नाशिक, नागपूर वगैरे, पण आमच्या वाईकडे तोवर कॉलेजात जायचं, फॉर्म घ्यायचा, भरून द्यायचा असंच होतं. नेमकी त्याच वर्षी माझी भाची दहावी झाली.

मी दहावी झाले १९९८ ला. मला पुण्यात सायन्सला जायचं होतं. आण्णा आणि मी पहाटेच्या एसटीने निघालो, खंबाटकी चढून स्वारगेट, तिथनं चार कॉलेजं, चारही ठिकाणी वेगळी रांग, वेगळा फॉर्म. घरी आल्यावर मार्कलिस्ट आणि दाखल्याच्या झेरॉक्स काढायच्या आणि अटेस्टेड करून घ्यायच्या. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर ओपीडी संपल्यावर सह्या द्यायचे, तोवर आम्ही बाहेरच्या बाकावर बसून. गोल शिक्का फिसकटला की आण्णा लगेच दुसरी झेरॉक्स पुढे करायचे, जास्तीच्या काढूनच आणलेल्या असायच्या. मग फॉर्म द्यायला परत पुणे, लिस्ट लागली का बघायला परत पुणे, अशा तीन खेपा आणि आण्णांच्या तीन रजा. माझ्या वर्गात एक मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती, तिचे वडील रोजंदारीवर, ती फॉर्म आणायलाच गेली नाही. म्हणून ऑनलाइनला सरसकट नावं ठेवणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. १०० रुपये फी, एकच फॉर्म, त्यात दहा कॉलेजांपर्यंत पसंती टाकता येते आणि घरातलं कुणी रजा काढत नाही. तिला हे मिळालं असतं तर?

पण तेव्हा फॉर्म माझ्या अक्षरात होता. कुठलं कॉलेज, कुठला विषय, काय लिहिलं ते मला पाठ होतं. आता हेच हातातून सुटतंय असं मला वाटतं.

आमच्या शेजारचा मुलगा एका सायबर कॅफेत फॉर्म भरून आला. तिथे गर्दी एवढी की भरणाऱ्याने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला, ओटीपी पटकन येतो म्हणून, पासवर्डही त्यानेच ठेवला आणि मार्क बघून कॉलेजांचा क्रम पण त्यानेच लावला. मुलाच्या हातात नुसती प्रिंट. ती त्याने घरी कपाटात ठेवली, वाचली कुणीच नाही. यादी लागली तेव्हा मेसेज कॅफेवाल्याला, आणि बघतो तर पहिल्या नंबरला टाकलेलं लांबचं कॉलेज लागलेलं. नियम असा की पहिल्या पसंतीचं लागलं तर घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर. त्याची आई आमच्या ओट्यावर प्रिंट घेऊन बसली होती आणि परत परत विचारत होती की हे पहिलं कुणी लिहिलं. मला काय सांगावं तेच सुचेना.

भाचीचा फॉर्म आम्ही तिच्या आईच्या मोबाइलवर भरला, पण त्याआधी तिला एक वही आणि पेन दिलं. म्हटलं आधी इथे लिही. तिने जवळची म्हणून दोन कॉलेजं वर टाकली होती, मी विचारलं ही दोन्ही लागली तर आनंदाने जाशील का, तर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग दुसऱ्या नंबरवरचं खोडून पार सातव्याला नेलं. तासभर असंच चाललं, मागच्या वर्षीचा कटऑफ बघायचा, बसची वेळ बघायची, परत खोडायचं. मग तिनेच एकेका कॉलेजचा कोड टाकला, मी फक्त वहीतून वाचून दाखवला. लॉक करायच्या आधी ती म्हणाली, "मावशी थांब, परत एकदा वरपासून वाच."

तिला तिसऱ्या नंबरचं लागलं आणि तिने घेतलं. शेजारचा मुलगा दोन एसटी बदलून जातो, सकाळी सहाला निघतो. यंदा त्याची धाकटी बहीण दहावीला आहे. तिच्या आईला मी आत्ताच सांगून ठेवलंय की फॉर्म आमच्याकडे बसून भरायचा, नंबर तुमचा टाकायचा, आणि वही मी देते.