उणे ५३ गेला, डोक्यात नवा किडा आला

जमलं एकदाचं! लिनक्सच्या कॉम्प्युटरला कॅमेऱ्याची केबल लावली, जीफोटो२ला (कॅमेऱ्यातून फाइली उतरवणारा प्रोग्राम) सगळ्या फाइली आणायला सांगितलं आणि रॉ, जेपेग सगळं सुरळीत डिस्कवर उतरलं. उणे ५३ हा एरर मध्ये कुठेच आला नाही.

मागचे अपडेट वाचलेल्यांना आठवत असेल: जीफोटो२च्या ऑटो-डिटेक्टला कॅमेरा दिसायचा, मॉडेलचं नावही बरोबर यायचं, पण फाइली मागितल्या की उणे ५३, 'यूएसबी डिव्हाइस क्लेम करता आलं नाही' (म्हणजे कॅमेऱ्याचा ताबा मिळाला नाही) म्हणून हात वर. पोर्ट बदला, केबल बदला, रूटने चालवा, ढिम्म. (केबलवर संशय घेणाऱ्यांसाठी: नुसत्या चार्जिंगच्या केबलवर कॅमेरा ऑटो-डिटेक्टमध्येही येत नाही. नाव दिसतंय ना, मग केबल निर्दोष.)

चोर घरातलाच निघाला. कॅमेरा जोडताच डेस्कटॉपचा जीव्हीएफएस (फाइल मॅनेजरला बाहेरची डिव्हाइसं दाखवणारी यंत्रणा) त्याला माउंट करतो, म्हणजे जोडून घेतो, आणि पीटीपीचा (कॅमेऱ्याने फोटो पाठवायची पद्धत) इंटरफेस धरून बसतो. तो एका वेळी एकालाच मिळतो, त्यामुळे जीफोटो२ ताटकळत बाहेर. हाताने अनमाउंट केलं की काम होतं, पण मला केबल लावताच कॉपी आपोआप सुरू व्हायला हवी. जीव्हीएफएसचा जीफोटो२ व्हॉल्यूम मॉनिटर (कॅमेऱ्यांवर नजर ठेवणारा त्याचा भाग) किल केला, तर डी-बस (प्रोग्राममधले निरोप पोचवणारी यंत्रणा) त्याला पुन्हा उठवतो. म्हणून सिस्टिमडीच्या (सर्व्हिसेस चालू-बंद करणारी यंत्रणा) यूजर सर्व्हिसमधून त्याला सरळ मास्क केलं, म्हणजे सुरूच होऊ नये असं केलं. नुसतं स्टॉप करून भागत नाही.

आपोआप सुरू करायचं काम यूडेव्हच्या (डिव्हाइस जोडलं की काय करायचं ते ठरवणारी यंत्रणा) नियमावर, पण कॉपीची आज्ञा थेट नियमातल्या 'रन'मध्ये लिहू नका. यूडेव्ह लांबलेल्या प्रोसेसला मध्येच मारतो. नियमाने फक्त सिस्टिमडीची सर्व्हिस जागी करायची, पुढचं ती बघते.

फाइलींच्या नावांचा घोळ एक्झिफटूलने (फोटोतली तारीख वगैरे माहिती वाचणारा प्रोग्राम) मिटवला. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर परत ०००१वर येतो, म्हणून फोटो काढल्याची तारीख-वेळ नावातच घातली. एवढ्यासाठी डिजिकॅम (फोटोंची व्यवस्था लावणारा प्रोग्राम) उघडणं मला जड वाटतं. डार्कटेबलचं (रॉ फोटोंवर संस्कार करणारा प्रोग्राम) काम त्यानंतरचं. कार्ड रीडर यापेक्षा वेगवान आहे, मान्य. पण सारखं कार्ड काढा-घाला करायचा मला कंटाळा आहे.

हे लिहिता लिहिता वाटतंय, मास्क करणं जरा जास्तच झालं. आता पीटीपीवरचा कुठलाच कॅमेरा फाइल मॅनेजरमध्ये दिसणार नाही. जीव्हीएफएस कॅमेरा ओळखतो तो यूडेव्हच्या आयडी_जीफोटो२ या खुणेवरून. मग फक्त माझ्या कॅमेऱ्यापुरती, व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी (कंपनीचा आणि मॉडेलचा यूएसबी क्रमांक) देऊन, ती खूण पुसली तर? एकच अडचण: वापरणाऱ्याला डिव्हाइसची परवानगीही त्याच खुणेवरून मिळते, यूडेव्हच्या ७०-यूअॅक्सेस या नियमांच्या फाइलमध्ये. म्हणजे माझा नियम त्यानंतर चालायला हवा, आणि फाइली नावाच्या क्रमाने चालतात. फाइलचं नाव ९०ने सुरू करून बघतो. चाललं तर मास्क आजच काढतो. कुणी आधी करून पाहिलं असेल तर सांगा, नियम लिहायला बसलोच आहे.